उत्तरदाती क्रमांक नऊ

लखनौत निशातगंजच्या बाजारामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी राहायचो. तिघीही पीएचडी करत होतो, आणि बाकीच्या दोघींचं काम म्हणजे काही खरं संशोधन नव्हे याची प्रत्येकीला खात्री होती. पहाडातून आलेली एक वनस्पतिशास्त्रातली. ती गोमतीकाठचं गवत गोळा करून आणायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायची आणि त्या गठ्ठ्यांवर वजन म्हणून आमचे डाळ-तांदळाचे डबे ठेवायची. कुकर लावायचा म्हटलं की आधी गवत हलवायला लागायचं. दुसरी कानपूरची, अर्थशास्त्रातली. तिनं पाच वर्षांत एकाही माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. सरकारनं गोळा केलेली आकडेवारी उतरवून घ्यायची आणि दिवसभर संगणकाशी भांडायचं, असं तिचं चाललेलं असायचं. तिसरी मी, समाजशास्त्रातली. लोकांच्या घरी जाऊन चहा पिण्याबद्दल विद्यापीठ मला पदवी देणार आहे, असं त्या दोघींचं ठाम मत होतं.

लखनौत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मराठी किती पिढ्या टिकते, हा माझा विषय. तो शोधायला मला कुठं जावं लागलं नाही. वडील बँकेत होते. सांगलीहून त्यांची इकडे बदली झाली तेव्हा मी सहावीत होते, आणि दोन वर्षांत माझा धाकटा भाऊ आईला हिंदीत उत्तरं द्यायला लागला. आई चिडायची, मग दमली, मग तीही अर्धं हिंदीत बोलायला लागली. पुढे वडील निवृत्त झाले, घर आवरून सगळे सांगलीला परतले, आणि मी पीएचडीसाठी मागे राहिले.

आमच्यात वाद व्हायचे ते मुख्यतः काय जपायचं आणि काय नाही यावरून. गवतवालीच्या प्रत्येक कागदावर खाली एक चिठ्ठी असायची. त्यावर झाडाचं नाव, कुठं सापडलं, कोणत्या दिवशी, कुणी तोडलं, सगळं असायचं. शंभर वर्षांनी कुणी आलं तरी त्याला ते गवत आणि ते तोडणारीचं नाव मिळालं पाहिजे, असा त्यांच्याकडचा दंडक. आमच्याकडे बरोबर उलटं. माणसाचं नाव पुसायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा, गल्ली पुसायची, ओळख पटेल असं काहीही ठेवायचं नाही. मी हे समजावून सांगायला लागले की अर्थशास्त्रवाली मान वर न करता म्हणायची, "हमारे यहाँ तो आदमी ही नहीं है यार, छिपाएँ किसको?"

उत्तरदाती क्रमांक नऊ म्हणजे सरोजिनी नगरातल्या काकू. कराडजवळच्या खेड्यातल्या. नवरा हवाई दलात होता. पाच-सहा ठिकाणं फिरून शेवटची बदली इथं झाली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी कानपूर रोडच्या आत घर बांधलं. नंतर ते गेले. काकू मुलाकडे, म्हणजे स्वतःच्याच घरात, राहत होत्या. मुलगा चाळिशीचा, एका खासगी कंपनीत. सून इथलीच, नातू शाळेत. सून वाईट असती तर माझं प्रकरण लिहायला सोपं गेलं असतं. ती चांगली होती. काकूंना पहिली गरम पोळी वाढायची, औषधं वेळेवर द्यायची. मुलगाही चांगला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. त्या घरात काकूंना कशालाही कमी नव्हतं, फक्त त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं.

माझ्या प्रश्नावलीला एक तास पुरायचा. पहिल्या दिवशी काकू साडेतीन तास बोलल्या. वरून विमान गेलं की थांबायच्या, आवाज ओसरला की ज्या शब्दावर थांबल्या होत्या तिथूनच पुढे चालू. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या.

"परत येशील नव्हं?" म्हणाल्या. "तू आलीस की तोंडाला बोलायचं आठवतं बघ. एरवी काय, अच्छा, हाँ, ठीक है. सब्जीवाल्या भैयाशी बोलते तेवढंच."

मी त्यांच्याकडे अकरा वेळा गेले. प्रबंधाला तीन भेटी पुरल्या असत्या. पण आलमबागच्या एका गिरणीतून त्या माझ्यासाठी ज्वारीचं पीठ मागवून ठेवायच्या. मी गेले की भाकरी थापायला बसायच्या आणि मी शेजारी मोबाईल ठेवून ध्वनिमुद्रण चालू करायची. त्या बोलायच्या, मी खायची. माझंही पोट भरायचं, आणि ते नुसतं भाकरीनं नव्हे. आई सांगलीला होती, आणि कुणी मला 'अगं' म्हणून बोलावणारं लखनौत दुसरं नव्हतं.

मुलाखती सुरू करण्याआधी संमतिपत्र भरून घ्यायचं असतं. ते मी स्वतःच तयार केलं होतं. सगळी ध्वनिमुद्रणं पदवी मिळाल्यावर नष्ट केली जातील, असं त्यात मीच लिहिलं होतं. विद्यापीठाच्या समितीला असं लिहिलेलं आवडतं, प्रश्न कमी येतात. उत्तरदात्याला हवी असल्यास प्रत द्यावी, अशी एक ओळ घालता आली असती. पुष्कळ जण घालतात. मला सुचली नाही.

काकूंनी सही करण्याआधी विचारलं होतं, "नष्ट म्हणजे? पुसणार व्हय?"

मी म्हटलं, "हो काकू, नियम आहे तसा."

"पूस की. माझ्या बोलण्याला काय सोनं लागलंय?" असं म्हणून त्यांनी अक्षर अक्षर जुळवत सही केली.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांनी सुचवली. भला माणूस, हिंदी भाषक, मराठीचा गंध नाही. रीत अशी की आधी बोललेलं जसंच्या तसं त्या भाषेत उतरवायचं, मग भाषांतर करायचं. ते म्हणाले, यहाँ मराठी पढ़ेगा कौन? सीधे अंग्रेज़ी में उतारिए, छह महीने बचेंगे. आमच्याकडे सगळेच असं करतात. मीही केलं. कानात इयरफोन घालून काकूंची मराठी ऐकायची आणि बोटांनी इंग्रजी टाइप करायचं. काकूंचं वाक्य तीन-तीन श्वास चालायचं, मध्येच कुणाच्या तरी बारशाला जाऊन यायचं. माझ्याकडे त्याच्या चार नीटनेटक्या ओळी व्हायच्या. ज्या शब्दांना इंग्रजीत काही मिळायचं नाही ते मी सोडून द्यायची. भाषांतर अतिशय सफाईदार आहे, असं एका परीक्षकानं अहवालात लिहिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. लखनौतल्या मराठीवर मी एवढा जाडजूड प्रबंध लिहिला, आणि त्यात मराठीचं एक वाक्य नाही. तोंडी परीक्षेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, ते ठीक. माझ्याही आलं नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पदवीची अधिसूचना आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ध्वनिमुद्रणं पुसायला बसले. मोबाईलमधली, लॅपटॉपमधली, पेनड्राइव्हमधली, अर्थशास्त्रवालीच्या संगणकावर ठेवलेली. एकेक क्रमांक वहीत लिहून पुढे बरोबरची खूण करत होते. गवतवाली डबा भरता भरता थांबली.

"पागल हो क्या?" ती म्हणाली. "हम तो सड़ा हुआ पत्ता भी नहीं फेंकते."

मी तिला व्याख्यान दिलं. तुझ्या गवताला अब्रू नसते, माझ्या माणसांना असते, वगैरे. ती डबा घेऊन निघून गेली. नऊ क्रमांकाची एक फाइल मी पुसण्याआधी थोडी ऐकली. काकू कुणाला तरी नावं ठेवत होत्या आणि मध्येच हसत होत्या. एवढी एक ठेवावी असं मनात आलं होतं. पण शब्द दिलाय, आणि लोभ पडला म्हणून नियम मोडणारी मी नव्हे, असा एक ताठा तेव्हा होता. पुसली.

नंतर इथल्याच एका महाविद्यालयात मला तात्पुरती नोकरी लागली. काकूंकडे जाणं थांबलं, फोनवर आलं, मग दिवाळीच्या फोनवर. कधी येतेस, असं त्या विचारायच्या. परीक्षा संपल्या की येते, असं मी सांगायची. परीक्षा संपल्या, दुसऱ्या आल्या, त्याही संपल्या. प्रबंधाचं काम होतं तेव्हा मला सरोजिनी नगर लांब नव्हतं. काम झाल्यावर ते लांब झालं, हे लिहितानाही मला नीट बसवत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. आई न्यूमोनियानं गेली, तेरावंही होऊन गेलं. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "दीदी, आई की आवाज़ आपके पास है ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तो समजावून सांगायला लागला. मोबाईलमध्ये व्हिडिओ पुष्कळ आहेत. नातवाचे वाढदिवस, होळी, घराची पूजा. पण सगळ्यांत आई हिंदी बोलतेय. समोर मोबाईल धरणारी सून, नातू, शेजारी, सगळे हिंदीच. आईचं मराठी कुठंच नाही. "फिर मुझे याद आया, आप तो घंटों रिकॉर्ड करती थीं."

फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही. येते, एवढंच म्हटलं. रविवारी मेट्रोनं गेले, पुढे ऑटो केली. पिशवीत प्रबंध होता. तो कशासाठी घेतला हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं जाववेना, इतकंच.

सुनेनं चहा आणला. काकूंची खुर्ची भिंतीशी सरकवलेली होती. मी सगळं सांगितलं. संमतिपत्र, नियम, पुसलं ते. काकूंच्या मुलाला मी दादा म्हणायची. दादा माझ्यावर ओरडले असते तर मी ते ऐकून घेतलं असतं, आणि कदाचित घरी जाऊन झोपही लागली असती. ते ओरडले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "रूल होगा।"

मग विचारलं, "जो लिखा है, वह तो होगा?"

क्रमांकामागचा माणूस कोण, हे कुणालाही, घरच्यांनाही सांगायचं नाही, हाही नियमच. तो मी मोडला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि उपयोग संपल्यावर. चौथं प्रकरण उघडून उत्तरदाती नऊचा उतारा त्यांच्यापुढे धरला. ते बोट ठेवून सावकाश वाचत गेले. इंग्रजी त्यांना ऑफिसपुरतं येत होतं. मध्ये एकदा थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. ते कुठं थांबले हे मला न बघताच कळलं. काकू तिथं मुलाबद्दल बोलल्या होत्या. मुलगा हिंदीत बोलतो याचं आधी वाईट वाटायचं, पण संध्याकाळी दारातून तो आई म्हणून हाक मारतो तेवढा एक शब्द तरी मराठी असतो, आणि आपण दिवसभर त्याची वाट बघतो, अशा अर्थाचं. मी ते इंग्रजीत घातलं होतं, आणि 'आई'चंसुद्धा भाषांतर केलं होतं.

त्यांनी चष्मा काढला. "यह आई ने कहा था? मेरे लिए?"

"हो."

"मराठी में कैसे कहा था? वैसे ही बोलिए, दीदी। जैसे उन्होंने कहा था।"

मी तोंड उघडलं. त्या दिवशीचं सगळं मला आठवत होतं. त्या मेथी निवडत होत्या, मांडीवर परात होती, काड्या बाजूला टाकत होत्या. बोलताना माझ्याकडे न बघता मेथीकडे बघत होत्या. मी ते वाक्य ऐकलं, घरी जाऊन पुन्हा ऐकलं, चार वेळा मागे नेऊन ऐकलं, आणि त्याला चांगला इंग्रजी शब्द सापडल्याचा मला आनंदही झाला होता. तो इंग्रजी शब्द डोक्यात लख्ख होता. काकूंचा एकही नव्हता.

तरी मी बोलले. नाही कसं म्हणणार? इंग्रजीवरून परत मराठी केली. "माझा मुलगा माझ्याशी हिंदीत बोलतो. आधी मला वाईट वाटायचं. पण संध्याकाळी तो दारातून आई म्हणून हाक मारतो..."

ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी थांबल्यावर त्यांनी मान हलवली, अगदी हळू. "यह तो आप बोल रही हैं," म्हणाले. "आई ऐसे नहीं बोलती थीं।"

मग, मी इतक्या वर्षांत ज्यांच्या तोंडून 'आई'पलीकडे मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता, ते डोळे मिटून बोलायला लागले. "पोरगं माझं..." तेच हेल, तोच काकूंचा ओढून बोलायचा सूर, 'माझं'वर तसंच रेंगाळणं. स्वयंपाकघरात सुनेच्या हातातलं भांडं थांबलं. "पोरगं माझं, हिंदीत..." ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबले, आणि माझ्याकडे बघायला लागले. पुढचे शब्द त्यांना येत नव्हते आणि मला आठवत नव्हते.