ड्रायव्हर नसताना आलेला गुरुजींचा आवाज

भालेराव गुरुजींनी मला वसतिगृहात घातलं नसतं, तर आमच्या घराण्यात कोणी पदवीधर झालाच नसता. म्हणून सुरुवात त्यांच्या नावाने. भूतखेत, चमत्कार मी मानत नाही — आजही नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर गुरुजींची वाचा गेली. नातीचं लग्न बाळकुमच्या हॉलमध्ये ठरलं आणि तिचा एकच हट्ट, "बुद्धवंदना आजोबांच्याच आवाजात." त्यांच्या आवाजातल्या वंदनेची एकच जुनी कॅसेट उरलेली. ती कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी अंगावर घेतलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी मानपाड्याच्या माझ्या घरी कॅसेट प्लेअर आवाज आत घेणाऱ्या साउंड कार्डला जोडला... तर कार्डच दिसेना! सकाळीच लॅपटॉप अपडेट झालेला. कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळ्या कंपनीचा; तो चालेनासा झालेला.

मित्राला, सुहासला, फोन लावला.

"अरे, जुना ड्रायव्हर काढ, रीस्टार्ट मार, परत टाक."

"तेच करतोय मघापासून. एरर येतोय."

"मग नवीन कार्ड घे ना, कंजूष!"

"उद्या लग्न आहे रे!"

सिग्नल येतोय का बघायला रेकॉर्डिंग सुरू करून टेप चालू ठेवली. स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाट ती सपाटच. शेवटाला प्लेअरमध्ये फीत अडकली... आणि तुटली.

तरी सवयीने फाइल सेव्ह केली, वाजवली — गुरुजींचा आवाज! पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ.

बायको आतून आली. "झालं की रेकॉर्ड! मग अहो, रडताय कशाला?"

लॅपटॉपचा माइक? तो बंद होता. आणि प्लेअरला स्पीकरच नाही, खोलीत आवाज आलाच नव्हता. संध्याकाळी सुहासने येऊन सगळं तपासलं. "कार्ड दिसत नाही, ड्रायव्हर नाही... मग हे आत शिरलं कुठून?" आजवर आम्हा दोघांनाही उत्तर मिळालेलं नाही.

लग्नानंतर गुरुजींना पाठवलेलं पत्र इथे देतो.

"आदरणीय गुरुजी, सविनय जयभीम.

हॉलमध्ये तुम्ही खुणेनं विचारलंत, कसं जमवलं? मी हसून टाळलं. खरं सांगतो, मला माहीत नाही. कारण सापडलं नाही तर 'माहीत नाही' असं लिहावं, देवावर ढकलू नये, हे तुम्हीच वर्गात शिकवलंत. म्हणून तसंच लिहितोय. शोधणं सोडलेलं नाही. पण सगळा हॉल तुमच्या आवाजामागून वंदना म्हणत होता आणि पहिल्या रांगेत तुमचे ओठ हलत होते, तेव्हा मला कारणाची घाई नव्हती.

तुमचा,
प्रकाश"