पासपोर्ट न लागणारा परदेश

१९६२ च्या मे महिन्यात आमच्या शेजारचे गुरुजी आपल्या आईला घेऊन बडनेरा स्टेशनातून परदेशी गेले. सामानात एक वळकटी, एक पत्र्याचा डबा आणि एक सुरई होती. मी तेव्हा अमरावतीच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. लोकांचे मोठमोठे बेत रोज कानावर यायचे. पण प्राथमिक शिक्षकाच्या पगारात, तीन वर्षं तालीम करून परदेशी गेलेला दुसरा माणूस आमच्या जिल्ह्यात झाला नसेल, हे विधान मी जबाबदारीनं करतो.

छप्पन साली दीक्षेसाठी त्यांची सगळी वस्ती नागपूरला गेली. आई तेवढी गेली नाही. अकोल्याला दिलेली धाकटी लेक बाळंत झाली होती, आणि आई तिच्या उशाशी होती. दीक्षा तिनं पुढं अमरावतीतच घेतली. पण "सारे गेले, मीच राह्यली," हे वाक्य ती भाजी निवडतानाही म्हणायची. गुरुजींनी तिला शब्द दिला, की नागपूर हुकलं तर हुकलं, जिथं बुद्ध जन्मले तिथंच तुला नेतो. ती जागा नेपाळात आहे हे त्यांना भूगोल शिकवत असल्यामुळे ठाऊक होतं, आणि तिथं जायला भारतीयाला पासपोर्ट लागत नाही हे त्यांनी तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांना पत्रं लिहून पक्कं करून घेतलं. शाळेतले लोक चिडवायचे, "नेपाळ काय परदेश आहे काय, गुरुजी?" गुरुजी शांतपणे म्हणायचे, "राजा वेगळा आये, नोट वेगळी आये. अजून काय पाह्यजे?"

हॉटेल, हमाल आणि विकतचं जेवण या तीन गोष्टी त्यांनी पहिल्याच दिवशी बेतातून काढून टाकल्या. त्यामुळे उरलेल्या सगळ्या गोष्टींचा सराव करणं भाग पडलं. उन्हाळ्यात ते दशम्या करवून घेत, डब्यात भरून गच्चीवर ठेवत आणि रोज एक खाऊन पाहत. पाचव्या दिवशीची दशमी त्रयस्थानं चाखावी, असं त्यांना वाटे. तो त्रयस्थ मी होतो. "खरं सांगा हो, पेपरवाले," असं म्हणून ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. सातव्या दिवशीच्या दशमीला मी नकार दिला. ती त्यांनी स्वतः खाल्ली आणि दोन दिवस शाळेत गेले नाहीत. पुढच्या तालमीपासून सहाव्या दिवसानंतर फक्त फुटाणे, असा नियम झाला.

रंगीत तालीम अकोल्याला झाली. परदेशात आपलं कोणी नसतं, म्हणून अकोल्यातही आपलं कोणी नाही असं धरायचं ठरलं. बहिणीचं घर स्टेशनपासून दोन गल्ल्यांवर असताना मायलेक संध्याकाळी फलाटावर वळकटी पसरून बसले. कोणीतरी बहिणीला जाऊन सांगितलं. ती डबा घेऊन तरातरा आली. गुरुजींच्या आग्रहावरून साक्षीदार म्हणून मीही गेलो होतो, त्यामुळे पुढचं संभाषण मी स्वतः ऐकलेलं आहे.

"दादा, तुले काही लाज? माय फलाटावर बसून राह्यली अन् मी घरी पिठलं घोटू काय?"

"अकोला सध्या परदेश आये. तुयी-आमची ओळख नाही."

"ओळख नाही? थांब, तुये जावई बलावतो, मंग पटवतीन ते ओळख!"

"जावई मले कसे? ते मायचे."

"तेच म्हनतो मी! मायचे जावई जित्ते असून माय फुटाने खाईन?"

आईनं गुरुजींकडे पाठ केली आणि लेकीच्या हातचं पिठलं-भाकर खाल्लं. तालीम बाद झाली. ती महिनाभरानं पुन्हा घेतली, यावेळी बहिणीला न कळवता.

सरहद्दीवर अधिकारी चौकशी करील, हे गुरुजींनी गृहीत धरलं होतं. संध्याकाळी ते कोट घालून ओसरीवर बसत आणि आईला समोर उभं करत. नाव, गाव, कशासाठी आलात, धर्म. पहिल्या तीन उत्तरांना ती अडखळे. चौथ्याला "बौद्ध" हे ती इतक्या मोठ्यानं सांगे, की रस्त्यानं जाणारे थबकत. "माय, साहेब बहिरा नाही," असं गुरुजी म्हणत. "असला तं?" ती विचारी.

या सगळ्यात दोन उन्हाळे गेले. साठ साली दशम्यांचं गणित बसलं नव्हतं. एकसष्टला रेल्वेचं वेळापत्रक बदललं आणि गुरुजींनी बेत पहिल्यापासून मांडला. दर तालमीत आई बडनेऱ्याचा पूल चढायची. पहिल्या वर्षी ती न थांबता चढली, दुसऱ्या वर्षी एकदा बसली. बासष्टच्या मार्चमध्ये ती तीनदा बसली आणि शेवटच्या वेळी उठलीच नाही. गुरुजी घड्याळ बघत होते.

"घळी ठेव ते," ती म्हणाली. "माये पाय तुया टाइमटेबलानं चालत नाहीत. अवंदा नेतं का नाही, एवढं सांग. नसन नेत तं तसं सांग, मी आस सोडतो."

 गुरुजींनी घड्याळ खिशात घातलं आणि खाली जाऊन मे महिन्याच्या तिकिटांची चौकशी केली.

पुढची हकिगत मला दोघांनी निरनिराळ्या वेळी सांगितली, तपशील जुळतात. भुसावळ, इटारसी, अलाहाबाद, गोरखपूर असं करत ते सरहद्दीअलीकडच्या नौतनव्याला उतरले आणि तिथून बैलगाडीनं निघाले. गुरुजी कोट घालून गाडीत ताठ बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी गाडीवानाला सरहद्द किती लांब आहे म्हणून विचारलं. ती मघाशीच मागं गेली, असं त्यानं सांगितलं. फाटक नाही, शिपाई नाही. एक माणूस म्हशी चारत होता, तेवढाच. गुरुजींचं म्हणणं पडलं, की गाडी वळवावी आणि सरहद्द नीट बघून पुन्हा ओलांडावी. आई म्हणाली, "आता मांगं नाही." थोडं पुढं गेल्यावर तिनं गाडीवानाच्या पाठीला हात लावून आपण होऊन सांगितलं, की आम्ही बौद्ध आहोत. त्याला मराठी येत नव्हती. त्यानं मान हलवली.

लुंबिनीत त्या वेळी दगडी खांब, एक तळं, थोडी झाडं आणि उतरायला एक धर्मशाळा होती. बेतात तिथला मुक्काम दोन दिवसांचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी वळकटी बांधली. आई तळ्याकाठी झाडाखाली बसली होती, ती उठली नाही. पाय दुखतात का, असं त्यांनी विचारलं. दुखत नाहीत, असं ती म्हणाली. गाडीवान तासभर थांबला आणि निघून गेला.

ते ठरल्यापेक्षा पाच दिवस उशिरा परत आले. त्यानंतर आई अमरावतीबाहेर गेली नाही. लेकच अकोल्याहून तिला भेटायला येत असे. आमच्या वर्तमानपत्रात या प्रवासाची सहा ओळींची बातमी आली. ती लिहिताना त्या जास्तीच्या पाच दिवसांत त्यांनी काय काय पाहिलं, हे मी गुरुजींना विचारलं होतं.

"माय बसून होती," ते म्हणाले. "मंग मीबी बसलो."