जावळाची खोळ

सोडा म्हटलं की लोकांना भजी आठवतात. मला आई आठवते आणि कान गरम होतात. माझा सोडा धुण्याचा होता, आणि त्यानं मी जे धुतलं ते धुवायला नको होतं.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं. नवरा साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता आणि बारामतीत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सासर पणदऱ्याचं, उसाचं. माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटे, आणि तिथं माझ्या लग्नापर्यंत दारात मेंढरं होती. खरं तर माझ्या आजेसासऱ्यांच्या दारातही मेंढरंच होती, पण कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि सासरच्या माणसांना मेंढी कशी ओरडते तेसुद्धा आठवेनासं झालं. मीही तीच शाळा शिकले. बारामतीत कुणी माहेर विचारलं तर मी फक्त ‘इंदापूरकडं’ म्हणायचे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टरीणबाईंनी एसटीचा प्रवास नको म्हणून सांगितलं, म्हणून आईच बोचकं घेऊन बारामतीला आली. बोचक्यात अळीव होते, डिंक होता, बाबांच्या जुन्या धोतराची मऊ बाळोती होती. आणि त्या बाळोत्यांत गुंडाळलेली एक काळपट करड्या रंगाची वस्तू होती, तिकोनी, टोकांना सुती नाड्या लावलेली. मी विचारलं, हे काय? आई म्हणाली, खोळ.

आमच्याकडं पावसात मेंढरांमागं जाणारा माणूस घोंगडी दुमडून डोक्यावरून घेतो, तिला खोळ म्हणतात. दिवसभर पाऊस झोडपला तरी आतला माणूस कोरडा. आईनं तीच अक्कल उलटी चालवली होती. आत बाळोतं बांधायचं आणि वरून ही खोळ. तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. म्हणाली, “तुज्या बापाच्या खोळीत पाऊस आत येत न्हाय. लेकराच्या खोळीतनं पाऊस भायेर जात न्हाय.”

ती कशातून कापली होती ते मला बघताक्षणी कळलं. कोकराची पहिली कातरणी होते त्या लोकरीला आम्ही जावळ म्हणतो, माणसाच्या बाळाच्या केसांना म्हणतात तसंच. जावळाची घोंगडी मऊ असते, टोचत नाही. तसली एक घोंगडी आजोबांनी आईला लग्नात दिली होती आणि ती कुणाच्या अंगावर घालायलाही आई देत नसे. तिचा एक कोपरा तिनं कात्रीनं कापला होता. वरकुट्यात बायका लोकर घेऊन आईकडं यायच्या, ही सुताला चालंल का, हिचं घोंगडं पाणी धरंल का म्हणून विचारायला. आई चिमटीत चोळून, नाकाशी नेऊन सांगायची, आणि तिचं सांगणं शेवटचं असायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लोकरीतलं तिला कळायचं आणि गाव ते मानायचं.

तिनं मला एकच गोष्ट बजावून सांगितली. हिला साबण दाखवायचा नाही. ओली झाली की झटकून उन्हात टाकायची, फारच घाण झाली तर गार पाण्यातून काढायची. मेंढीच्या अंगचा ओशटपणा लोकरीत आहे तोवर ती पाणी धरेल, तो गेला की नुसतं फडकं. मी हो हो म्हटलं.

मुलगी झाली, आणि खोळ होतीही खरीच गुणाची. बाळोतं चिंब व्हायचं, वरून हात लावला तर कोरडं. पोरीला ना गरम व्हायचं, ना गार लागायचं. फक्त एक होतं. वास यायचा. फार नाही, पण उन्हातून आणली की खोलीभर मेंढराचा वास सुटायचा, माझ्या माहेरच्या अंगणाचा.

बारशाच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. त्यांचे यजमान बँकेत होते आणि त्यांच्या बैठकीत काचेचं कपाट होतं, त्यामुळं त्यांचं मत मला सरकारी वाटायचं. नाकाला पदर लावून त्यांनी हसत विचारलं, काय हो, शेळीबिळी पाळलीत की काय? आईनं मोठ्या हौसेनं खोळ दाखवली, म्हणाली, जावळाची आहे. काकूंना वाटलं आमच्या बाळाचं जावळ इतक्यातच काढलं आणि त्याचं हे शिवलं. त्या पोट धरून हसल्या. आईला काय हसायचं ते कळलं नाही. मला कळलं होतं, मी समजावून सांगू शकले असते. मी काकूंबरोबर हसले.

आई बारशाचं सामान आणायला बाजारात गेली, तशी मी उठले. बाळंतिणीनं पाण्यात हात घालायचा नसतो, पण अब्रूपुढं बाळंतपण कसलं? कढत पाणी केलं, मूठभर सोडा टाकला, वर धुण्याची पावडर, आणि खोळ त्यात बुडवून खसाखसा घासली. पाणी पिवळं झालं आणि वर तेलकट तवंग आला. तो मी मोरीत ओतला. आईनं बजावलेलं सगळं त्या तवंगात होतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं आजही म्हणता येत नाही. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. खोळ खिडकीच्या गजावर वाळली, जराशी आखडली, पण वास गेला. बाळाला ती दुसऱ्या दिवशी मीच बांधली, आईच्या हातात जाऊ दिली नाही.

बारशाला पणदऱ्याहून सासूबाई आणि सात-आठ बायका आल्या. काकूही होत्या. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. त्यांनी नवं इरकली लुगडं नेसलं होतं. थोड्या वेळानं त्या एकदम उठल्या आणि लुगड्यावर हा भला मोठा ओला डाग. सगळ्यांचं लक्ष गेलं. सासूबाईंनी खोळ सोडली, दोन बोटांत धरून वर केली आणि म्हणाल्या, “मेंढरामागच्या माणसांची अक्कल. लेकराला घोंगडं बांधत्यात व्हय?”

बायका हसल्या. काकू सर्वांत जास्त.

आईनं खोळ हातात घेतली. चिमटीत चोळली. नाकाशी नेली. मग माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “कशात धुतलीस का बाय?”

मी म्हटलं, “न्हाय. मी हातसुद्धा लावला न्हाय.”

घडाघडा बोलले मी. जीभ अडखळली असती तरी आज थोडं बरं वाटलं असतं. आईनं खोळीची घडी केली आणि सासूबाईंना म्हणाली, “माजंच चुकलं इहीनबाई. घोंगडी जुनी झाली. धरत न्हाय आता.” मग बसून तिनं स्वतः सासूबाईंच्या लुगड्यावरचा डाग धुतला. मी पलंगावर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, सुटले बाई.

आई जायच्या आधी तिनं मला आणखी एक खोळ दिली. परत गावी निरोप धाडून घोंगडी मागवली होती आणि दुसरा कोपरा कापला होता. ती मी ट्रंकेत तळाला ठेवली आणि बाजारातून प्लास्टिकच्या चड्ड्या आणल्या, गुलाबी, वर बदकांची चित्रं. चार दिवसांत पोरीच्या जांघा सोलवटल्या. रडून रडून ती निळी पडायला लागली तेव्हा निमूटपणे ट्रंक उघडली. या खोळीतून वर्षभरात एक थेंब बाहेर आला नाही. पण ती मी दाराआड वाळवायची आणि कुणी आलं की सोडून ठेवायची. आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर सोड्यापासून सांगावं लागलं असतं.

बारशाची गोष्ट मात्र वरकुट्यापर्यंत पोचली. पणदऱ्याच्या बायकांनी ती वाटेत सांडू दिली नाही. वरकुट्यात थट्टा व्हायला लागली, की हिची जावळाची घोंगडी विहिणीच्या मांडीवर गळली. दिवाळीला गेले तेव्हा बघितलं, लोकर विचारायला कुणी येत नव्हतं. आई म्हणाली, मेंढरंच कमी झाली गावात. मी ते खरं मानलं, कारण मला ते मानायचं होतं.

तीन वर्षांनी भावाला मुलगा झाला. बारशाच्या दोन दिवस आधी मी वरकुट्याला गेले. बाळाला प्लास्टिकची चड्डी होती आणि आत मांड्या लालभडक. भावजय पावडर लावत होती. मी आईला अंगणात गाठलं आणि विचारलं, खोळ का शिवली नाहीस? ती म्हणाली, आता कोण वापरतंय. तेव्हा मला राहवलं नाही. तोंड भिंतीकडं करून सांगितलं, की आई, मी ती सोड्यात धुतली होती.

आई शेंगा निवडत होती. निवडतच म्हणाली, “ठाव हाय मला. सोड्यानं मेलेली लोकर मला कळत न्हाय व्हय?”

“मग बोलली का न्हाईस?”

“चारचौघीत तुला खोटी पाडू व्हय? तुला तितं नांदायचं हुतं.” मग म्हणाली, “हिलाबी लाज वाटंल म्हणून हिला शिवली न्हाय. पोरींस्नी कशापायी कोड्यात घालायचं.”

इतकी वर्षं मी समजत होते की आईला मी फसवलं. तिनं तर सगळं जाणूनबुजून अंगावर घेतलं होतं, आणि गावातला मान गेला तोही त्यातच. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही. घरात जाऊन घोंगडी काढून आणली, दोन कोपरे तुटलेली, आणि म्हटलं, तिसरा काप.

बारशाच्या दिवशी ओसरीवर बायका बसल्या होत्या. आई नव्या खोळीला शेवटची नाडी लावत होती. भावजयीनं खोळीचं टोक उचलून हुंगलं आणि नाक मुरडलं. ते नाक माझ्या ओळखीचं होतं. तिनं विचारलं, वास येतोय, सोड्यात धुतली तर चालंल का? एक म्हातारी हसून म्हणाली, धू न्हायतर नको धू, हिची लोकर गळतीच की.

आईनं सुई थांबवली नाही की माझ्याकडं बघितलंही नाही. ती या वेळीही गप्प बसणार होती, हे मला स्पष्ट दिसलं.

“धुऊ नगं,” मी म्हटलं. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आईची लोकर गळत नव्हती. मी ती सोड्यात धुतली आणि खोटं बोलले.”

ओसरीवर कुणीच हसलं नाही. भावजयीनं हातातलं टोक खाली ठेवलं. माझं तोंड कुठं लपवावं ते मला कळेना. आईनं दातानं दोरा तोडला आणि खोळ माझ्या हातात दिली. म्हणाली, “बांध. तुला येती आता.”