बॉनेटवरचं कुंकू

माझा धाकटा भाऊ गाड्यांना सिरॅमिक कोटिंग करतो. वाशिमच्या बाहेर आमचं भाजीपाल्याचं वावर आहे, त्याला लागूनच रस्त्याच्या कडेला त्याने टिनाची शेड टाकली आहे. कारंज्याला माझ्या सासरी कोणी विचारलं की मी पूर्वी सांगायची, गाड्यांना पॉलिश करतो. एकदा त्याने ते ऐकलं आणि माझ्या सासूबाईंसमोर माझी हजेरी घेतली. पॉलिश म्हणजे तोंडाला पावडर लावणं, चार दिवसांत उतरते. कोटिंग वर्षानुवर्षं टिकतं. काचेसारखा पातळ थर असतो, तो गाडीच्या रंगावर घट्ट बसतो आणि मग त्यावर ना चिखल टिकत, ना धूळ, ना पाखरांची घाण. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं काई भांड्याईले लावता येते का?"

त्याचं काम मी पाहिलं आहे. आधी गाडी धुवायची, मग मशीनने घासून तिच्यावरचे बारीक ओरखडे काढायचे, मग शेडचे पडदे बंद करून छोट्याशा बाटलीतले थेंब स्पंजवर घेऊन हातभर हातभर जागा करत जायचं. त्या वेळी शेडमध्ये शिंकायचीही चोरी. काम झालं की गिऱ्हाइकासमोर बॉनेटवर मगभर पाणी ओततो. पाण्याचे मोती होतात आणि अळूच्या पानावरून घरंगळावे तसे खाली निघून जातात. गिऱ्हाईक खूश. सोयाबीनचे व्यापारी, डॉक्टर, मास्तर, सगळे त्या मोत्यांवर भाळतात. आमची माय मात्र दर वेळी म्हणते, "पानी तं वाया गेलं नं."

बाबा गेल्यापासून वावर मायच पाहते. मेथीचं बी अजून तीच फेकते, वांग्याचं पहिलं रोप तीच लावते. तिच्या हाताला यश आहे असं आजूबाजूचे माळी शेतकरीही मानतात, रोपं लावायच्या दिवशी मुद्दाम तिला बोलावून नेतात. पण लग्नकार्य आलं, हळदीकुंकू आलं, कोणाचं डोहाळेजेवण आलं की हीच बाई सैपाकघरात जाऊन भाजी चिरत बसते. तिला कोणी बस म्हणत नाही, तीच आपली बसते. मला त्याचा भयंकर राग येतो. मी बोलते, ती ऐकते आणि पुन्हा भाजी चिरायला घेते. माझं बोलणं कोटिंगवरच्या पाण्यासारखं तिच्यावरून घरंगळून जातं.

तर झालं असं, की दुसऱ्यांच्या गाड्या चमकवता चमकवता भावाने स्वतःची गाडी घेतली. काळी घेतली. काळ्या रंगावर कोटिंग खुलतं आणि गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना होतो, हा त्याचा हिशेब. पूजेसाठी मी आदल्या दिवशी एसटीने माहेरी आले. अनसिंगहून आमची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आली. आल्या आल्या भावाने सांगून टाकलं, "पूजा मायच करीन."

माय माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मले नोको सांगू. ताई आली हाय नं, तिले सांग."

"ताईची गाडी आली का तिले सांगू. ही माही हाय."

मला वाटलं, शाब्बास रे पठ्ठ्या. मी इतकी वर्षं भांडून जे जमलं नाही ते याने एका वाक्यात केलं. पण मायचा चेहरा पाहिला आणि थोडी भीतीही वाटली. लोकांसमोर पुन्हा कुंकवाचं ताट हातात घ्यायचं, हे तिच्यासाठी सोपं नव्हतं. हे नीट पार पडलं तर पुढे तिला सैपाकघराबाहेर काढता येईल, आणि काही वावगं झालं तर मात्र ती कायमची आत जाईल, एवढं मला कळत होतं.

सकाळी गाडी शेडसमोर उभी केली. चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारपाजारचे चार जण आले. भावाने ताट मायच्या हातात दिलं तशी आत्या माझ्या कानाशी लागली, पण तिचा आवाज असा, की कानगोष्टही विहिरीपलीकडे ऐकू जावी. "घरात सवाशीण असताना वैनीच्या हातानं काहून करून राह्यला हा?"

मायने ऐकलं. तिचा हात थांबला. भाऊ म्हणाला, "काढ माय, सोस्तिक काढ."

मायने वाटीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि बॉनेटवर उभी रेघ ओढली. रेघ क्षणभर दिसली आणि तुटली. तिचे लाल थेंब झाले आणि ते थेंब उतारावरून घरंगळत नंबरप्लेटपर्यंत गेले. मायने पुन्हा बोट बुडवलं, आडवी रेघ ओढली. तीही तशीच गेली. काळ्या बॉनेटवर काही म्हणता काही उरलं नाही.

आत्याने तोंडावर हात ठेवला. मायने ताट हळूच खाली ठेवलं आणि भावाकडे न बघता म्हणाली, "मी सांगतलं होतं तुले. माह्या हातचं कुंकू आता धरत नाही."

भावाने कपाळावर हात मारला. "अवो माय, कोटिंग हाय थे! काईच धरत नाही त्याच्यावर. मी सगळ्या गिऱ्हाइकाईले सांगतो, आधी पूजा करून घ्या, मंग गाडी आना. घरचीच गाडी म्हनून ध्यानात नाही राह्यलं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एरवी मी त्याला यावरून वर्षभर चिडवलं असतं.

"तू पाह्यतं नं रोज," तो मायला समजावू लागला, "पानी कसं पयते त्याच्यावरून?"

"पानी येगळं बापा," माय म्हणाली. "कुंकू येगळं."

आता यावर विज्ञान काय सांगणार? मला आत्याचा राग आला होता. मी ताट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "आत्या, तू काढ. तुह्या हातचं धरते का पाहू."

आत्या मागे सरकली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मले नोको सांगू वो बाई. तुह्या आतोबाचं आताच तं आपरेशन झालं. त्याईच्या छातीले टाके हायत अजून." मी काहीतरी खरमरीत बोलणार होते, ते गिळलं. ही बाई दुष्ट नव्हती, ती घाबरलेली होती. मायसारखीच घाबरलेली.

मग म्हटलं, मीच काढते. मी बोट भरलं आणि बॉनेटवर जोरात ओढलं. माझंही कुंकू तसंच टपाटप खाली. "पाह्य माय," मी विजयाने म्हटलं, "माह्याबी हातचं नाही धरलं!"

मायने झडप घालून माझा हात धरला आणि पदराने माझं बोट खसाखसा पुसलं. "अवदसा आठवली काय तुले? जावई रोज मोटरसायकलनं मंगरूळपीरले जातेत नं!" करायला गेले गणपती अन् झाला मारुती. आता तिला स्वतःचं दुःख होतंच, वर माझ्या नवऱ्याची काळजी लागली. तिचे डोळे भरून आले आणि ती घराकडे वळली.

भाऊ शेडमध्ये गेला. मला वाटलं, यालाही रडू आलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात घासायचं मशीन होतं आणि दुसऱ्या हातात कंपाउंडची, म्हणजे घासायच्या पेस्टची, बाटली. "माय, थांब," तो म्हणाला.

कोटिंग धुऊन निघत नाही, ते घासूनच काढावं लागतं. त्या गाडीवर तो आठवडाभर राबला होता. रात्री उशी घेऊन तिच्याजवळ झोपायचा तेवढा बाकी होता. मी आल्या आल्या तिला हात लावला तर माझ्या अंगावर ओरडला होता. आणि आता भर बॉनेटच्या मधोमध त्याने मशीन टेकवलं. घरघर सुरू झाली. पांढरी पेस्ट पसरली, फडक्याने पुसली, पुन्हा मशीन फिरलं. जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "अरे, काहून खराब करून राह्यला?" भाऊ मशीन फिरवतच राहिला.

मग त्याने त्या जागेवर थोडं पाणी टाकलं. मोती झाले नाहीत. पाणी जागच्या जागी पसरून बसलं. ते त्याने पुसून कोरडं केलं. उन्हात ती जागा बाकीच्या बॉनेटपेक्षा थोडी वेगळी, जराशी मंद दिसत होती.

"इथं लाव," तो म्हणाला. "सोस्तिक नोको. पुरा पंजा लाव."

"लोकाईले दिसन नं थे," माय म्हणाली. "तुह्या धंद्याची गाडी हाय. गिऱ्हाइकं पाह्यतीन."

"पाहू दे."

मायने आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने ताटात कुंकू कालवलं, उजवा तळहात त्यात ठेवला आणि तो बॉनेटवर टेकवला. बराच वेळ तिने हात उचललाच नाही. उचलायची तिची हिंमत होत नव्हती. शेवटी भावाने तिच्या मनगटाला धरून हात अलगद वर घेतला.

पंजा उमटला होता. खुरपं धरून वाकडी झालेली करंगळीसुद्धा तशीच्या तशी उमटली होती. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. एक थेंब ओघळला नाही. मायने वाकून त्याच्यावर फुंकर घातली, पुन्हा पाहिलं, आणि पहिल्यांदा हसली. मी मात्र सरळ रडले. मला त्याची लाज वाटली नाही. भावाने नारळ फोडला आणि लगेच शेजाऱ्यांना कोटिंग किती वर्षं टिकतं ते सांगायला लागला. धंदा तो धंदा.

माय हात धुवायला नळाकडे निघाली. लाल तळहात तिने अंगापासून लांब धरला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. आत्या तिच्या मागे गेली. मला वाटलं, आता ही काही बोलते. पण मायने सोडलेला नळ तिने बंद केला.

"राहू दे वैनी," आत्या म्हणाली. "आजच्या दिवस नोको धुऊ."

संध्याकाळच्या आत मला कारंज्याला पोचवायला सगळेच नव्या गाडीतून निघाले. मायला पुढे बसवलं. मी आणि आत्या मागे बसलो. भाऊ खड्डे चुकवत, जपून गाडी चालवत होता. मायने पट्टा लावून घेतला, पदर सावरला, सगळं डाव्या हाताने. उजवा हात तिने सबंध वाटेने मांडीवर उताणा, उघडा ठेवला होता आणि मधून मधून ती त्याच्याकडे बघत होती.