केळीच्या धाग्याची गाठ

ती गाठ आजही आठवते. केळीच्या खोडाचा धागा होता तो. म्हैसुरात गजरे त्यानेच बांधतात आणि आमच्या कन्नडमिश्रित मराठीत त्याला नार म्हणतात.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. कोर्ट ड्यूटीचा हवालदार संध्याकाळी तारखांची वही दाखवायला येई. एके दिवशी त्याने सांगितलं, की लष्कर मोहल्ल्यातली एक विधवा फुलवाली कोर्टाच्या आवारात रडत बसली आहे. दिराने राहत्या खोलीवर हक्क सांगितला म्हणून तिने दावा लावला होता. तिचे वकील चार वर्षं नुसती पुढची तारीख सांगत राहिले. प्रत्यक्षात कुणी हजरच न राहिल्याने दावा केव्हाच फेटाळला गेला होता, आणि आता खोली सोडायची नोटीस तिच्या हातात होती.

वकिलांचं नाव ऐकून मी चाटच पडलो. सरस्वतीपुरमात राहणारे, आमच्यासारखेच जुन्या मराठा शिपायांच्या घराण्यातले. मी नवा फौजदार असताना त्यांनी उलटतपासणीत मला घाम फोडला होता. नंतर बाहेर स्वतःच कॉफी पाजून म्हणाले, साक्षीत ‘बहुतेक’ हा शब्द पुन्हा आणू नकोस. तो धडा मी नोकरीभर पाळला. काय तयारीचा माणूस होता!

फुलवालीला ठाण्यात बोलावून तिची तक्रार लिहून घेतली आणि बार कौन्सिलकडून वकिलांच्या सनदेची माहिती मागवली. अशिलांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल आधीच दोनदा ताकीद मिळाली होती. वाचून फार वाईट वाटलं.

त्यांना ठाण्यात बोलावणं मला जमेना. फुलवालीला आणि दोन पंचांना घेऊन मीच त्यांच्या ऑफिसात गेलो. कागद कितीदा तरी वाचलेत, दावाच लंगडा होता, असं ते सांगू लागले. कुठल्या पानावर काय आहे तेही सांगितलं. न विचारलेलं माणूस सांगायला लागला, की पोलिसाने कान टवकारावेत. तिने दिलेल्या कागदांचं पुडकं मी मागितलं. त्यांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

फुलवालीने पुडक्यावरच्या धाग्याच्या गाठीवर बोट ठेवलं.

“सार, हा नार मीच बांधलाय. ओला असताना बांधायचा असतो. वाळल्यावर सोडायला गेलं की तुटतोच. ह्यांनी हे उघडलंच नाही, बगा.”

तिने जरा ओढलं आणि धाग्याचे तुकडे टेबलावर पडले. वकिलांनी चष्मा काढला.

“बायको गेली आणि कागद उघडायची भीतीच बसली रे,” ते म्हणाले. “रोज वाटायचं, उद्या उघडीन.”

फौजदारी गुन्हा उभा राहत नव्हता. तिच्या तक्रारीला पंचनामा जोडून मी अहवाल बार कौन्सिलला पाठवला. शिस्तपालन समितीने त्यांची सनद दोन वर्षांसाठी निलंबित केली. तो पंचनामा आणि समितीचा निकाल यांच्या जोरावर कोर्टाने तिचा दावा पुन्हा चालवायला घेतला आणि शेवटी खोली तिच्याकडेच राहिली.

इथे थांबलो असतो तर माझीच पाठ थोपटून घेता आली असती. पण त्या प्रकरणानंतर आमच्या ठाण्यातलं जुन्या अर्जांचं कपाट साफ करायला काढलं, तर तळाशी एक गुंडाळी निघाली. वर आवक शिक्का, ती कोर्टात रडत बसली त्याच्या वर्षभर आधीचा. भोवती वाळलेला नार, गाठ जशीच्या तशी.

तिचाच अर्ज. वकील दाद देत नाहीत, मदत करा, म्हणून माझ्याच नावे दिलेला. एवढे दिवस ती माझ्यासमोर बसत होती आणि या अर्जाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

मी तडक तिच्या दुकानावर गेलो आणि तेव्हाच का नाही सांगितलंस, असं विचारलं. तिने हातातला गजरा बांधायचं थांबवलं नाही.

“तुमचीच चूक तोंडावर सांगितली असती, तर तुम्ही माझं काम केलं असतं काय, सार?”

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत ठाण्यात आलेला प्रत्येक अर्ज मी त्याच दिवशी स्वतः उघडून वाचला. वकिलांविरुद्ध अहवाल मी पाठवला होता. माझ्याविरुद्ध पाठवायला हवा होता, तो तिने पाठवला नाही, ही लाज अजून गेलेली नाही.