तंबोऱ्यावरचा फोकस

परवा नातीबरोबर तपकीर गल्लीत दिवे घ्यायला गेले. खराडीच्या तिच्या नव्या फ्लॅटमध्ये आजोबांचा तंबोरा उभा करायचाय आणि त्याच्यावर छतातून एकच नेमका झोत सोडायचाय. दुकानदाराने लिंबाएवढे चार एलईडी बल्ब काउंटरवर मांडले. कुणाचा झोत चोवीस अंशांचा, कुणाचा छत्तीसचा. कुणाचा उजेड पांढरा, कुणाचा पिवळसर. नात मोबाइलवर वाचून प्रश्न विचारत होती. मी प्रत्येक बल्ब लावायला सांगून त्याच्याखाली तळहात धरत होते आणि काढत नव्हते.

शेवटी दुकानदार म्हणाला, "आजी, बल्ब आहे तो. तवा नाही."

त्याचं बरोबर होतं. पण मी एकदा तवा घेऊन बसले होते.

मुलाला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली आणि मला आमचं कोथरूडचं छत एकाएकी ओकंबोकं वाटायला लागलं. मी पीओपी करून घेतलं. मैत्रिणीकडे हॅलोजनचा फोकस बघून आले होते, म्हणजे आपल्याकडे दोन हवेत. पण पाडायचे कशावर? घरात बघण्यासारखी मी एकटीच, आणि मला स्वयंपाकघरात जावं लागायचं. मग नजर यांच्या तंबोऱ्यावर गेली.

हे बँकेत कारकून. पहाटे गवसणी काढून तासभर गायचे, पुन्हा गवसणी घालून तंबोरा कोपऱ्यात ठेवायचे. तो मी हॉलमध्ये चौथऱ्यावर उभा केला आणि गवसणी माळ्यावर टाकली. संध्याकाळी पाहुणे आले की दोन्ही फोकस लागायचे. पाहुणेही रोज यायला लागले. न येऊन सांगतात कुणाला, मीच बोलवत होते. "आमच्याकडे गाणं आहे हो," मी सांगायचे. रोज पहाटे डोक्यावर उशी दाबून घेणारी बाई ती हीच.

एका संध्याकाळी हे हळूच म्हणाले, "अगं, भोपळा तापतोय. जरा हात लावून बघ."

मी पोह्यांवर खोबरं पेरत होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "तापू दे. रोज पहाटे थंडीत उठवता बिचाऱ्याला."

सगळे हसले. हेही हसले. केवढी हुशार होते मी.

त्या उन्हाळ्यात भोपळ्याला बोटभर चीर गेली. मिरजेला नेऊन सांधून आणली. सांधा दिसत नव्हता, पण आवाज काही परत आला नाही. यांनी दोनदा तारा जुळवल्या, थांबून ऐकलं आणि गवसणी कुठे आहे ते विचारलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, जिंकलेही असते. नवा घेऊ म्हटलं, तर म्हणाले, राहू दे आता.

पुढे शेवटपर्यंत पहाटे उठायचे मात्र. उठून पेपरची वाट बघत बसायचे. घर शांत असायचं आणि मी उशीवर डोकं ठेवून जागी. हे जाऊन आता सहा वर्षं झाली.

आम्ही चोवीस अंशांचा, पिवळसर बल्ब घेतला. रविवारी वायरमन बसवून गेला. संध्याकाळी नातीने बटण दाबलं. तंबोरा सुंदर दिसत होता, तेव्हाही दिसायचाच. तासभर मी समोर नुसती बसून राहिले. मग उठले आणि भोपळ्यावर हात ठेवला, बरोबर सांध्यावर.

"गार आहे हो," मी म्हणाले.

"अगं आजी, एलईडी आहे तो," नात आतून म्हणाली. "गारच राहणार."