उंच खेळाडूचं साटंलोटं

माझा मुलगा तोक्योतल्या एका बास्केटबॉल क्लबात कॉम्प्युटरवर खेळाडूंचे आकडे सांभाळायचा. मी त्याच्याकडे फुनाबोरीला राहते. मागच्या हिवाळ्यात क्लबला आपला सगळ्यात मोठा खेळाडू नकोसा झाला. अमेरिकेहून आणलेला, दारातून वाकून आत येणारा. पगार एवढा, की बाकीच्यांना द्यायला फारसं उरत नव्हतं. काढावा तर करार संपेपर्यंत पगार द्यावाच लागणार. दुसरे क्लब त्याची तारीफ करायचे आणि पगार ऐकला की गप्प व्हायचे. शेवटी एक क्लब तयार झाला. हा त्यांनी घ्यायचा, बदल्यात त्यांचे दोघे द्यायचे. मुलगा त्याला ट्रेड म्हणायचा.

"म्हणजे साटंलोटं," मी म्हटलं.

"आई, ही काय लग्नं आहेत?"

"एवढा गुणी आहे तर देताय कशाला?"

"पगार झेपत नाही म्हणून."

"एवढंच?"

तो खाली मान घालून भात कालवत राहिला. सून म्हणाली, "आई, जेवू द्या ना त्याला."

माझं लग्न साट्यालोट्याचंच. मला तिकडे दिली, नणंद माझ्या भावाला केली. भावाला फिट यायची, ते आमच्यांनी लपवलं. कळल्यावर सासऱ्यांनी लेक परत आणली आणि त्याच दिवशी मला माहेरी धाडलं. पुढे दोघींना नांदायला नेलं, पण सासरी माझ्या शब्दावर परत कुणी विश्वास ठेवला नाही.

म्हणून मी मुलाला सरळच विचारलं, "त्या खेळाडूचं काय दुखतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे दुखतं."

मग बोलला. गुडघा सुजतो. बाहेर कुणाला माहीत नाही, आणि साहेबांनी सांगितलंय की आपण होऊन बोलायचं नाही. ट्रेड झाला तर पैसे वाचून माझ्या मुलाचा करार वाढणार, नाहीतर मार्चमध्ये संपणार. मग दुसरी नोकरी नाहीतर पुणे.

"सोमवारी त्या क्लबचा माणूस मला फोनवर आकडे विचारणार आहे. पण इथे कुणी सरळ विचारत नाही."

"आडून विचारेल. तेव्हा काय सांगशील?"

"बघू."

त्या 'बघू'वर माझा काडीचा भरवसा नव्हता.

सोमवारी तो घरूनच काम करत होता. मी समोर पालक निवडत बसले. सगळं बोलणं जपानीत. तो फोनलाच माना लववत होता, 'हाय, हाय', म्हणजे हो हो, म्हणत होता. मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "हिझा." हा शब्द मला येतो. दवाखान्यात डॉक्टर माझा गुडघा दाबताना हेच म्हणतो.

फोन ठेवून तो म्हणाला, "विचार करून कळवतो म्हणाले."

"म्हणजे नाही."

"हो, नाहीच."

खेळाडू आहे तिथेच राहिला. मुलाचा करार मार्चमध्ये संपला. आता तो कावासाकीला मुलाखतींना जातो. सून माझ्याशी कामापुरतं बोलते. त्या दिवशी मी समोर बसले नसते, तर तो बोलला असता का, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर हो म्हणेल, आणि मला ते खरं वाटणार नाही.